सहलीचा पैसा गल्ल्यातून नव्हे, बचतीतून

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सुट्टी नसते, असे आपल्याकडे धरूनच चालतात. दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. लूम बंद ठेवले तर कारीगराची मजुरी बुडते आणि विजेचे बिल मात्र येतेच. म्हणून बायको-मुलांना घेऊन चार दिवस कुठे जाऊन यावे, हा विषय दरवर्षी निघतो आणि ‘पुढच्या साली बघू’ म्हणून दरवर्षी बाजूला पडतो. मुलगी सहावीत असताना दिलेला शब्द ती दहावीला पोहोचली तरी शब्दच राहतो. मग तिचा अभ्यास येतो, मग लग्न येते. घरातल्या बाईने माहेर आणि बिरादरीतली लग्ने सोडली तर दुसरे गाव पाहिलेले नसते.

याच्या अगदी उलट प्रकारही आमच्या बाजारात आम्ही पाहतो. एखाद्या वर्षी सीझन चांगला जातो, गल्ला भरलेला दिसतो आणि शेठ एका रात्रीत ठरवून सगळ्या घरादाराला घेऊन निघतो. आठ दिवसांनी परत येतो तेव्हा सूतवाल्याचा माणूस पेढीवर बसलेला असतो. मग इकडून तिकडून उचल करून त्याचे तोंड बंद करावे लागते. सहल आठ दिवसांची आणि तिचे ओझे आठ महिन्यांचे!

एक जण कधी जात नाही, दुसरा गेला की अडचणीत येतो. दोघांची गोष्ट वेगळी दिसली तरी कारण एकच आहे. सहलीसाठी वेगळा पैसा कधी जमवलेलाच नसतो. तो कसा जमवावा, कुठे ठेवावा आणि कोणत्या फंदात पडू नये, याचा या लेखात विचार करू.

गल्ल्यातला पैसा कोणाचा?

व्यापारी माणसाची पहिली गफलत इथे होते. संध्याकाळी गल्ला मोजला की तो सगळा आपला वाटतो. एक साधा हिशेब मांडून पाहा. समजा, जीएसटी वजा जाता दिवसाची विक्री १०,००० रुपयांची झाली. (जीएसटीची रक्कम सरकारची अमानत आहे, ती आपल्या हिशेबात धरूच नये.) या १०,००० पैकी ८,३०० रुपये मालाच्या खरेदीचे, म्हणजे माल देणाऱ्याचे. भाडे, वीज, नोकराचा पगार, हमाली यांचे ९०० रुपये. राहिले ८००. त्यातून घरखर्च चालायचा, शाळेची फी जायची, औषधपाणी व्हायचे. एवढे झाल्यावर शंभर-सव्वाशे रुपये उरले, तर ते खरे आपले.

आता जो माणूस सहलीसाठी गल्ल्यातून एकदम ३६,००० रुपये उचलतो, त्याने काय केले? शेकडा ८ या नफ्याने ३६,००० रुपये मिळवायला साडेचार लाखांची विक्री करावी लागते. तेवढी विक्री होण्यापूर्वीच पैसा उचलला, तर तो नफा राहत नाही. तो एक तर आपल्या भांडवलाचा तुकडा असतो, नाही तर दुसऱ्याचे देणे असते. भांडवल कमी झाले की पुढच्या सीझनला माल कमी भरला जातो आणि रोखीचा वटावही हातचा जातो. देणे थकले की बाजारातली पत जाते. आणि पत एकदा गेली की सांधायला वर्षे लागतात.

म्हणून पहिला नियम असा. सहलीचा पैसा आपल्या नफ्यातून, घरखर्च भागल्यावर, थोडा थोडा निघाला पाहिजे. ज्याच्या डोक्यावर मुदत संपलेले देणे आहे किंवा कारीगरांची मजुरी बाकी आहे, त्याने आधी ते फेडावे. सहल थांबू शकते, मजुरी थांबू शकत नाही.

नोकरदाराची रीत आपल्याला चालत नाही

बचतीवरचे बहुतेक लेख पगारदारांसाठी लिहिलेले असतात. दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम बाजूला टाका, असे त्यात सांगितलेले असते. सल्ला चांगला आहे, पण आपल्याला एक तारखेला पगार कुठे मिळतो? कापडाच्या दुकानाला रमजान, लगीनसराई आणि दिवाळी हे तीन हात. बाकीचे महिने ते दुकान कसेबसे चालते. लूमवाल्याचे तर सुताच्या आणि ग्रे कापडाच्या भावावर अवलंबून. सूत चढले आणि कापड पडले की पाळी कमी करावी लागते. शिंप्याकडे ईदच्या आधी झोपायला वेळ नसतो आणि ईदनंतर मशीनवर धूळ बसते.

अशा माणसाने महिन्याला ३,००० रुपये टाकायचे ठरवले, तर मंदीच्या पहिल्याच महिन्यात हप्ता चुकतो. एक हप्ता चुकला की मन मोडते, आणि दुसरा चुकला की बेतच सुटतो. आपली बचत आपल्या कमाईच्या चालीने चालली पाहिजे. मंदीत थेंब, तेजीत ओंजळ. पण एकही दिवस कोरा नको.

उडुपीच्या विणकरांचा धडा

रोजच्या थेंबाने काय होते, याचा दाखला आपल्याच धंद्यात आहे. कर्नाटकातील उडुपी येथे हातमागाचा धंदा संकटात सापडला होता. त्या विणकरांना आधार मिळावा म्हणून उपेंद्र पै, डॉ. टी. एम. ए. पै आणि वामन कुडवा यांनी १९२५ साली अवघ्या ८,००० रुपयांच्या भांडवलावर एक लहान बँक उभी केली. तीच पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. १९२८ साली या बँकेने पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येई आणि दोन आणे इतकी लहान रक्कमसुद्धा घेऊन जाई. दोन आण्यांसाठी कोणी बँकेची पायरी चढत नाही, पण बँक दारात आली तर देतो. या दोन-दोन आण्यांवर वाढलेली ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मीची रीत मात्र कर्नाटकात आणि आपल्या महाराष्ट्रात अनेक बँका-पतसंस्थांनी उचलली आणि ती आजही चालू आहे.

दुसरा दाखला प्रवासाचाच आहे. मलायातील खेड्यांतले लोक हजसाठी पैसा घरात लपवून साठवत, किंवा जमीन आणि जनावरे विकून जात, आणि परत आल्यावर त्यांचे कुटुंब गरिबीत पडे. उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ साली ही गोष्ट सरकारपुढे मांडली आणि अशा लोकांसाठी बिनव्याजी बचतीची संस्था सुचवली. १९६३ मध्ये ती सुरू झाली. आज ती ताबुंग हाजी या नावाने ओळखली जाते. हजचा दर्जा वेगळा. घरच्या सहलीची त्याच्याशी बरोबरी आम्ही करत नाही. पण पोटाचे साधन विकून प्रवासाला जाऊ नये, वर्षानुवर्षे थोडे थोडे जमवून जावे, ही शिकवण लहान-मोठ्या प्रत्येक प्रवासाला लागू आहे.

आधी ठिकाण, मग आकडा

‘कुठेतरी जाऊ’ म्हणून बचत होत नाही. ठिकाण, दिवस आणि माणसे ठरली पाहिजेत. आपण मालेगावच्या एका कापड दुकानदाराचे उदाहरण घेऊ. घरात नवरा-बायको, तीन मुले आणि आई अशी सहा माणसे. त्यांनी हैदराबाद ठरवले. मनमाडहून रेल्वेने जाता येते. चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा, सालारजंग म्युझियम पाहण्यासारखे आहे, आणि भाषेची व खाण्याची अडचण नाही.

दिवस कोणते? मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण लगीनसराई सोडून दुकानदार जाऊ शकत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून ईदचा सीझन कधी येतो हे त्या त्या वर्षी पाहावे. सगळ्यात सोयीचा आठवडा दिवाळीच्या बाजारानंतरचा. ग्राहकी ओसरलेली असते, शाळेची सुट्टी संपलेली नसते आणि हवा चांगली असते.

खर्चाचा अंदाज असा धरू:

रेल्वे व मनमाडपर्यंतचा प्रवास, जाता-येता – ६,००० रुपये
मुक्काम, दोन खोल्या, तीन रात्री – ९,००० रुपये
जेवण व नाश्ता – ८,००० रुपये
रिक्षा व पाहण्याची तिकिटे – ५,००० रुपये
खरेदी – ४,००० रुपये
आजारपण व अडीअडचण – ४,००० रुपये
एकूण – ३६,००० रुपये

हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापल्या चौकशीप्रमाणे ते बदलावेत. मात्र शेवटच्या दोन रकमा कधीही गाळू नयेत. लाडबाजारात गेल्यावर बांगड्या घेतल्याशिवाय कोणी परत येत नाही. खरेदी लिहिलेली नसली की ती जेवणाच्या पैशातून होते.

आकड्याचे तुकडे करा

शुक्रवार, दोन्ही ईद आणि इतर बंद सोडले तर वर्षात दुकान सुमारे ३०० दिवस उघडते. ३६,००० भागिले ३०० म्हणजे रोजचे १२० रुपये. पण आधी म्हटल्याप्रमाणे सगळे दिवस सारखे नसतात. म्हणून त्यांचे तीन भाग करावेत:

मंदीचे १२० दिवस, रोज ५० रुपये – ६,००० रुपये
साधारण १२० दिवस, रोज १०० रुपये – १२,००० रुपये
सीझनचे ६० दिवस, रोज ३०० रुपये – १८,००० रुपये
एकूण – ३६,००० रुपये

साठ दिवसांच्या सीझनने निम्मी रक्कम उभी केली, हे इथे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे सीझनचा पैसा सीझनमध्येच उडतो, कारण त्या दिवसांत हात मोकळा असतो. त्याच दिवसांत बचतीचा हातही मोकळा ठेवावा. आणि मंदीचे ५० रुपये लहान समजून सोडू नयेत. त्यांचे खरे काम सवय टिकवण्याचे आहे. कतरा कतरा मिळून दरिया होतो असे उर्दूत म्हणतात आणि थेंबे थेंबे तळे साचे असे मराठीत. दोन्हींचा मतलब एकच.

रक्कम रोजमेळ लिहिताना काढावी, दुसऱ्या दिवसावर टाकू नये. आता बरीच ग्राहकी फोनवरून पैसे देते आणि गल्ल्यात रोख कमी असते. अशा दुकानदाराने त्याच वेळी दुकानाच्या खात्यातून दुसऱ्या खात्यात तेवढी रक्कम वळवावी. वहीत ‘सहल खाते’ म्हणून एक पान ठेवावे आणि ते घरातल्या बाईच्या ताब्यात द्यावे. आमचा अनुभव असा की, ज्या घरात हिशेब बायकोकडे आणि मुलांकडे असतो, त्या घरात दिवस कोरा जात नाही. मुलेच संध्याकाळी विचारतात, ‘अब्बा, आजचे टाकले का?’

कारीगर बंधूंसाठी

लूमवरच्या कारीगराला मजुरी आठवड्याला मिळते. त्याने आठवड्याचा हिशेब धरावा. आठवड्याला २०० रुपये बाजूला पडले, तर ५२ आठवड्यांत १०,४०० रुपये होतात. पगार हातात आल्यावर घरी पोहोचण्यापूर्वी ते वेगळे करावेत. घरी पोहोचल्यावर त्यांना दहा वाटा फुटतात. शिंप्याने नगावर हिशेब धरावा. प्रत्येक कपड्यामागे १० रुपये टाकले आणि वर्षात हजार कपडे शिवले, तर १०,००० रुपये झाले.

एवढ्यात हैदराबाद होणार नाही, पण औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), दौलताबादचा किल्ला आणि वेरूळ नक्की होईल. एसटीत १७ मार्च २०२३ पासून राज्यात सगळ्या महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ज्या घरात आई, बायको आणि दोन मुली आहेत, त्या घराचा प्रवासखर्च यामुळे बराच उतरतो. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे पाहून दिवस ठरवावा. विणकर असाल, तर सुती ताना आणि रेशमी बाना घालून विणलेला हिमरू मुलांना जरूर दाखवा. आपल्या हातातल्या कसबाची कदर मुलांना पुस्तकातून होत नाही, अशा ठिकाणी होते.

पैसा ठेवायचा कुठे?

घरातला डबा सोपा आहे, पण हाताजवळ आहे. डब्यात आठवड्यापेक्षा जास्त दिवसांचे पैसे ठेवू नयेत.

पिग्मी दुकानदाराला सोयीची, कारण एजंट रोज येतो. पावती घ्यावी किंवा पुस्तकात नोंद पाहावी. बहुतेक ठिकाणी मुदतीपूर्वी रक्कम काढली तर कपात होते, हे आधीच विचारून घ्यावे. एक फरक ध्यानात ठेवावा. बँकेतील ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण मिळाले. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. म्हणून पतसंस्थेचा कारभार कोणाच्या हातात आहे, हे पाहूनच पैसे द्यावेत.

भिशी आपल्या मोहल्ल्यातली जुनी रीत. बारा जणांनी दरमहा ३,००० टाकले की दर महिन्याला एकाला ३६,००० मिळतात. इथे व्याज नाही, पण शिस्त आहे. मात्र हप्ता महिन्याचा असल्यामुळे ज्याचे उत्पन्न बऱ्यापैकी सारखे आहे त्यानेच ती धरावी. माणसे ओळखीची असावीत, नोंद लेखी असावी आणि आपला नंबर प्रवासाच्या महिन्याजवळ मागून घ्यावा. लवकर नंबर लागला की पैसा दुकानात जातो आणि सहल राहून जाते. लिलावाच्या भिशीत गरजू माणूस घट सोसून रक्कम उचलतो आणि ती घट इतरांमध्ये वाटली जाते. तिच्यापासून दूर राहावे.

बँकेचे वेगळे खाते उत्तम, पण त्याचे कार्ड घरात ठेवावे, खिशात नको. खात्यावर व्याज जमा झाले तर त्याचे काय करायचे, हे आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून घ्यावे आणि ती रक्कम सहलीच्या आकड्यात धरू नये. जकातीचा हिशेब करताना इतर मालाबरोबर सहलीची बचतही मोजावी. ती वेगळी ठेवली म्हणून हिशेबातून सुटत नाही.

या फंदात पडू नका

पहिला फंद जास्त नफ्याचा. ‘सहलीचा पैसा वर्षभर नुसता का ठेवायचा? आमच्याकडे लावा, दरमहा पक्का हलाल नफा घ्या,’ असे सांगणारे भेटतात. धंद्यात दरमहा पक्का नफा नसतो, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? बेंगळुरू येथे जून २०१९ मध्ये अशीच एक योजना बुडाली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्याची कमाई अडकली. बारा महिन्यांत लागणारा पैसा वाढवायच्या मागे लागू नये. तो सांभाळला तरी पुरे.

दुसरा फंद ‘आता फिरा, पैसे नंतर हप्त्याने द्या’ हा. व्याजाचा प्रश्न तर आहेच. शिवाय फिरून झालेल्या गोष्टीचे हप्ते मंदीच्या महिन्यांत भरणे फार जड जाते.

तिसरा फंद आपला स्वतःचाच. नोव्हेंबरची रक्कम ऑगस्टमध्ये जमत आलेली असते आणि नेमके तेव्हा सूत स्वस्त होते. ‘दोन बीम भरून घेऊ, पंधरा दिवसांत पैसे परत टाकू,’ असे मन म्हणते. टाकू नये. तो पैसा आता घराची अमानत आहे. दुसऱ्याची अमानत आपण मोडत नाही, मग बायको-मुलांची का मोडावी?

निघण्यापूर्वी

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी सुरू होते. दिवाळीनंतर गर्दी असते, म्हणून साठावा दिवस वहीत लिहून ठेवावा आणि तेव्हापर्यंत तिकिटाची रक्कम तयार ठेवावी. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल, तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. वडीलधाऱ्यांची रेल्वेतील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे आईचे तिकीटही पूर्ण धरावे. सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असते. जुम्म्याचा दिवस मक्का मशीद आणि चारमिनारसाठी ठेवावा.

आणखी एक गोष्ट. सहलीत धंद्याची खेप मिसळू नये. बायको-मुलांना सुरतला न्यायचे, स्वतः दिवसभर मार्केटमध्ये बसायचे आणि ती बिचारी लॉजच्या खोलीत वाट पाहणार, याला सहल म्हणत नाहीत. खरेदीला जायचे तर एकट्याने जावे. चार दिवस दुकान भावाकडे किंवा विश्वासू नोकराकडे द्यावे आणि फोन संध्याकाळी एकदाच करावा.

खर्च रोज रात्री लिहावा. ठरल्यापेक्षा कमी झाला, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या पानावर पहिली जमा म्हणून लिहावी. मध्येच आजारपण आले आणि आकडा पुरा झाला नाही, तरी निराश होऊ नये. ठिकाण जवळचे करावे, दिवस कमी करावेत. पण उरलेला भाग उधारीने भरू नये. २४,००० जमले तर २४,००० ची सहल करावी.

वाचक बंधूंनो, मुले आपल्याबरोबर फिरतील अशी वर्षे मोजकीच असतात. त्यांचा सीझन एकदा गेला की दुसऱ्या वर्षी येत नाही. म्हणून वर्ष सुरू होण्याची वाट न पाहता आज संध्याकाळी रोजमेळ लिहिताना ‘सहल खाते’ हे पान उघडा आणि त्यावर ५० रुपयांची पहिली जमा लिहा. नियत साफ असेल आणि हात चालू राहिला, तर इन्शाअल्लाह पुढच्या दिवाळीनंतर गाडीत बसताना कोणाचे देणे मागे राहणार नाही.